मोकळी जागा काढताना: मंडईच्या पाच नकाशांच्या नोंदी

१५ जून २०२५, रविवार

ठरलं. पुण्याच्या मंडईचा चौक पाच वेळा काढायचा. पाच बटर पेपर, सगळे १:५०० ला, एकावर एक ठेवले की बरोबर बसतील असे. सालं तूर्तास अशी: १७९०, १८८६, १९२४, १९६० आणि आत्ताचं. दिवसभर लोकांच्या सोसायट्यांचे पार्किंग प्लॅन काढायचे आणि घरी येऊन पेनला हात लावायचा नाही, असं वीस वर्षं चाललंय. आता पुरे.

एकच नियम करते आहे. नेहमी आपण भिंती काळ्या भरतो आणि रस्ता पांढरा सोडतो. इथे उलट करायचं. इमारती कोऱ्या आणि मोकळी जागा काळी. जिथे माणूस काही न विचारता उभा राहू शकतो, टोपली टेकवू शकतो, तेवढंच भरायचं. चौक म्हणजे शेवटी पोकळीच ना? मग तीच काढू.

भाच्याला दाखवलं. म्हणाला, "मावशी, हे निगेटिव्हसारखं दिसतंय." दिसू दे.

२१ जून, शनिवार

नकाशांच्या नकलेसाठी एका कार्यालयात दुसरी खेप. पहिल्या वेळी अर्जावर तिकीट नव्हतं म्हणून परत पाठवलं, या वेळी तिकीट होतं तर कारण चुकलं. "वैयक्तिक आवड" हे कारण चालत नाही म्हणे. "अभ्यास" चालतं. खोडून अभ्यास लिहिलं. अर्ध्या तासात नक्कल हातात.

नक्कल बरी आहे. घडीच्या रेघेवर दोन घरं गायब आहेत, ती जाऊन बघावी लागतील.

२९ जून, रविवार

पहिल्याच शिटावर आपटले.

१७९० साठी आत्ताच्या मंडईची जागा घेतली, मधली इमारत आणि टिळकांचा पुतळा पुसून टाकला, आणि आता तिथे मोकळा बाजार काढायचा म्हणून टिंबं टाकत बसले. तासभर टिंबं टाकल्यावर अक्कल आली की तिथे बाजार नव्हताच. पेशवाईत भाजीबाजार भरायचा तो शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात. आज मंडई आहे ती शुक्रवार पेठेतली जमीन खासगीवाल्यांची. सुमारे चार एकर, त्यांच्याकडून नगरपालिकेने ती एकोणिसाव्या शतकात मंडईसाठी घेतली. शेजारची तुळशीबागसुद्धा मुळात खासगीवाल्यांचीच बाग, नावाप्रमाणे तुळशीची. म्हणजे मी ज्या ठिकाणी पालेभाजी विकायला बसवत होते, ते एका सरदाराचं खासगी आवार होतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पुण्यात वाढलेल्या कोणालाही "पूर्वी वाड्यासमोर मंडई होती" हे वाक्य ऐकून माहीत असतं. पण कागद पुढे आला की हात पत्त्यावर जातो. आपण "मंडईचा इतिहास" म्हणतो तेव्हा मनात एक ठिकाण धरतो आणि त्या ठिकाणाला मागे मागे नेतो. इथे मागे गेलं की ठिकाणच हातातून निसटतं.

आणि व्यावहारिक घोळ वेगळाच. शनिवारवाडा ते मंडई सरळ रेषेत जेमतेम पाऊण किलोमीटर. १:५०० ला तेच दीड मीटर होतं. माझा ए-वन कागद ८४ सेंटिमीटरचा.

३० जून

ऑफिसात दिवसभर हाच विचार. एक तर स्केल बदलायचं (१:२०००, मग माणूस दिसणारच नाही, तो बेत रद्द), नाही तर जागा एक ठेवायची हा हट्ट सोडायचा. हट्ट सोडला. शिटं जागेची नसून बाजाराची. बाजार जिथे असेल तिथे कागद न्यायचा.

६ जुलै, रविवार, आषाढी

सकाळी शनिवारवाड्यावर. पावसाची भुरभुर. आत गेलेच नाही, दिल्ली दरवाज्याकडे पाठ करून पटांगणाकडे तोंड करून उभी राहिले. वाडा बघायला येणारे सगळे नेमके उलटे उभे असतात.

वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, १७३२ मध्ये राहायला गेले. १८२८ च्या फेब्रुवारीत लागलेली आग आतलं सगळं खाऊन गेली. तट, बुरूज, दरवाजे उरले आणि बाहेरचं पटांगण उरलं. म्हणजे पेशवे १८१७ ला गेले, वाडा १८२८ ला गेला, भाजीवाल्या मात्र बसत राहिल्या. जिच्या आधाराने बाजार वसला ती सत्ता संपली तरी बाजाराला ते कळलं नाही, किंवा कळून त्याने मनावर घेतलं नाही. मला हे फार आवडलं. शिटावर वाड्याच्या आतल्या भागाची बाह्यरेषा तुटक करून टाकली, पटांगण गडद ठेवलं.

दिल्ली दरवाजा उत्तरेकडे. वर नगारखाना. नगारखान्यातून खाली बघितलं तर बाजार थेट नजरेखाली. पेशवाईत शहरातल्या बाजारावर कोतवालाची देखरेख असे: जिनसांचे निरख, म्हणजे भाव, ठरवणं, वजनमापं तपासून त्यांवर शिक्के मारणं, तंटे ऐकणं. घाशीराम कोतवाल १७७७ ते १७९१ या पदावर होता, म्हणजे माझ्या १७९० च्या शिटावर शिक्का त्याचाच. नाटकामुळे त्या माणसाचं एकच रूप आपल्या डोक्यात बसलंय. शेराचं वजन तपासणारा घाशीराम कोणी डोळ्यासमोर आणत नाही.

घरी येताना रिक्षात एक गोष्ट सुचली ती इथे टिपून ठेवते, नंतर विसरेन. मराठीत बाजार भरतो. बाजार बसतो. बाजार उठतो. पेठ वसवतात, दुकान थाटतात, पण बाजार "बांधला" असं म्हटलं की कानाला खटकतं. पुण्यात बाजार बांधायचं पहिल्यांदा ठरलं ते १८८२ च्या आसपास. खटकायला हवंच होतं.

१३ जुलै, रविवार

१८८६ चं शीट. दिवस गेला, पण मजा आली.

मधोमध अष्टकोनी मनोरा, सुमारे ८० फूट उंच, आणि त्यातून आठ हात बाहेर पसरलेले. काळ्या दगडाचं काम, कमानी, वर उतरतं छप्पर. आराखडा वॉल्टर ड्युकॅट या अभियंत्याचा, बांधकामाचं कंत्राट वासुदेव बापूजी कानिटकरांकडे. साहेबाच्या गॉथिक कमानी, पण त्या उभ्या केल्या पुण्यातल्या कंत्राटदाराने आणि इथल्या पाथरवटांनी. लांबून बघितलं तर चर्च वाटतं. लहानपणी मी ते चर्चच समजत होते, आणि चर्चमध्ये वांगी कशी विकतात असा प्रश्न मला पडला होता.

आठ हात का? काढताना उलगडलं. प्रत्येक हात अरुंद, त्यामुळे दोन्ही अंगांनी उजेड आणि वारा. नासणाऱ्या मालाला दोन्ही लागतात. आणि मध्यावर उभं राहिलं की आठही हात एकदम दिसतात. त्या काळात तुरुंगही अशाच आराखड्याने बांधत, त्याच कारणासाठी. वरच्या मजल्यावर पुढे बरीच वर्षं नगरपालिकेची कचेरी होती. म्हणजे नगारखाना झाला, आता मनोरा झाला; खाली बाजार आणि वर हिशेब ठेवणारे, ही रचना जागा बदलताना सोबत आली.

आता माझ्या काळ्या रंगाचं काय ते. वाड्यासमोर पोकळी एकसंध होती, एक मोठा काळा डाग. इथे पोकळीच्या मधोमध इमारत आणून बसवली. मोकळी जागा उरली ती दोन हातांमधल्या पाचरींमध्ये आणि बाहेरून वेढणाऱ्या रस्त्यात. भरून झाल्यावर कागद लांब धरला: काळ्या फुलात पांढरी चांदणी. चौक म्हणून जो आपण म्हणतो तो खरं तर इमारतीचा घेर आहे. मंडईत "चौकात भेट" म्हटलं की कोणत्या बाजूला हे विचारावं लागतं, ते यामुळेच.

उद्घाटन व्हिक्टोरिया राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॉनॉट याच्या हस्ते, नाव रे मार्केट, त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून.

इथे एक आडवळण घेतेच. मुंबईतलं क्रॉफर्ड मार्केट १८६९ चं, आर्थर क्रॉफर्ड या म्युनिसिपल कमिशनरच्या नावाचं. हाच क्रॉफर्ड पुढे मध्य विभागाचा कमिशनर म्हणून पुण्यात आला, आणि १८८८ मध्ये लाचखोरीच्या आरोपावरून त्याची चौकशी लावली ती लॉर्ड रे यांच्याच सरकारने. मामलेदारांकडून पैसे घेतल्याचं ते प्रकरण. त्यात अडकलेल्या मामलेदारांची बाजू टिळकांनी घेतली होती. म्हणजे पश्चिम हिंदुस्थानातल्या दोन नामांकित मंडया अशा दोन साहेबांच्या नावाच्या, ज्यांतल्या एकाने दुसऱ्याला घरी बसवलं. आणि आज दोन्ही मंडयांवर नाव एकाच माणसाचं, महात्मा फुल्यांचं. हे कोणी कादंबरीत लिहिलं असतं तर जुळवून आणलंय म्हटलं असतं.

२२ जुलै, मंगळवार

ऑफिसातून लवकर सुटून मेट्रोने मंडई. स्वारगेटपर्यंतचा हा भुयारी टप्पा गेल्या वर्षी २९ सप्टेंबरला सुरू झाला. जिन्यावरून वर आलं की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं कुठे आलो: कोथिंबीर, ओली माती, कुठेतरी सडलेलं केळं.

आजची तारीख मुद्दाम धरली. २२ जुलै १९२४ ला इथल्या टिळक पुतळ्याचं अनावरण मोतीलाल नेहरूंच्या हस्ते झालं. टिळक जाऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. पुतळा बागेत नाही, कचेरीसमोर नाही, भाजीबाजारात. सभेला माणसं गोळा करावी लागत नव्हती, ती तिथे होतीच.

शिटावर पुतळा म्हणजे केवढा? १:५०० ला नखाएवढाही नाही. पण त्याने केलेला बदल मोठा आहे. आठ हातांच्या इमारतीला पुढची बाजू अशी नव्हतीच. गोल वस्तूला पुढा नसतो. पुतळा उभा राहिला आणि एक बाजू "समोरची" झाली. घेराला तोंड फुटलं. १९२४ च्या शिटावर तेवढाच भाग मी जास्त गडद भरला आहे. नियम मोडला, पण डोळ्याला तसंच दिसतं.

आणि हो, त्याच सुमाराला इथे आणखी एक गोष्ट आली होती, तिच्याशिवाय हे शीट अर्धं राहील. आर्यन सिनेमा, १९१५ पासून. भाजी घ्यायला येणं आणि सिनेमाला येणं एकाच चौकात. आज आर्यनही नाही आणि इथलं मिनर्व्हा थिएटरही नाही, दोन्ही नावं वाहनतळांना चिकटून उरली आहेत. "आर्यनला लावलीय" म्हणजे गाडी.

३ ऑगस्ट, रविवार

आज रेघ एकही ओढली नाही. दिवसभर फुल्यांशी झटापट.

ठरीव गोष्ट अशी सांगतात की नियती बघा कशी, ज्यांनी मंडई बांधायला विरोध केला त्यांचंच नाव मंडईला. ऐकणारा हसतो, गोष्ट संपते. मलाही इतकी वर्षं तेवढीच माहीत होती. पण या गोष्टीत विरोध का केला हा भाग कुणी सांगत नाही.

जोतीराव १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटे. मंडईच्या खर्चालाही त्यांचा विरोध याच जातीचा होता: लाखांचा पैसा इमारतीवर कशाला, गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला. आणि हे बोलणारा माणूस बांधकाम न कळणारा नव्हता. त्यांची स्वतःची कंत्राटं होती, पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ते भागीदार होते. दगडचुन्याचा भाव त्यांना ड्युकॅटइतकाच ठाऊक असणार.

शिवाय घराणं माळ्याचं, फुलं विकणारं. आडनावच त्यावरून पडलेलं. १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये ते गाडीभर माळवं शहरात आणणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब मांडतात. जकात जाते, दलालाची कापली जाते, आणि माणूस हात हलवत घरी जातो. मंडई बांधली जात होती त्याच वर्षांतलं हे लिखाण. म्हणजे मंडईकडे ते शहराच्या बाजूने बघतच नव्हते, वेशीबाहेरून येणाऱ्या गाडीवरून बघत होते. गाडीवर बसलेल्याला मनोऱ्याचं काय कौतुक? त्याला नाका आधी लागतो.

हे लक्षात आल्यावर माझ्या नकाशातली खोट दिसली. माझी पाचही शिटं चौकाच्या कडेपाशी संपतात. माल कुठून येतो ते कुठेच नाही. फुल्यांनी आक्षेप घेतला असता, आणि बरोबर घेतला असता.

मंडई उघडली तेव्हा ते पालिकेत नव्हते. त्यानंतर चार वर्षं जगले, १८९० च्या २८ नोव्हेंबरला गेले. घर गंज पेठेत, म्हणजे पायी जाण्याच्या अंतरावर. उद्घाटन करणाऱ्या ड्यूकची आणि त्यांची गाठ १८८८ मध्ये पडली ती प्रसिद्ध आहे: हरी रावजी चिपळूणकरांच्या मेजवानीत फुले शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले आणि बोलले. मला ते दृश्य आता वेगळं दिसतं. ज्याच्या हस्ते बाजार उघडला, त्याच्यासमोर बाजारात माल आणणारा उभा राहिला.

पुढचं सगळं पालिकेच्या सभागृहातलं. १९२५ मध्ये ब्राह्मणेतर चळवळीतले पुढारी केशवराव जेध्यांनी फुल्यांचा पुतळा उभारायचा प्रस्ताव आणला. टिळकांचा पुतळा होऊन वर्षच झालं होतं. फुल्यांचा तो प्रस्ताव बारगळला, आणि त्यावरून पुण्यात जे रान उठलं ते कोर्टापर्यंत गेलं. आचार्य अत्रे स्थायी समितीचे अध्यक्ष असताना, १९३८ च्या सुमाराला, रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. पुतळा नाकारला होता, नाव अख्ख्या इमारतीला लागलं. त्यामुळे नियतीबियती काही नाही. बारा-तेरा वर्षं चाललेलं एक भांडण आहे, ज्यात लोकांनी मतं दिली, फिरवली, आणि शेवटी एका बाजूने जिंकलं.

नकाशावर हे कसं दाखवायचं, कल्पना नाही. नाव बदललं तेव्हा काळा रंग तसूभरही हलला नाही.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी

आत्याकडे. १९६० च्या शिटासाठी तिला विचारायचं होतं. वय ८४, पाय चालत नाहीत, बाकी सगळं चालतं.

"आत्या, तुझ्या लहानपणची मंडई आणि आत्ताची, फरक काय?"

"तेव्हा पावशेर म्हटलं की पावशेर यायचं."

आधी मला वाटलं टोमणा आहे. मग कळलं, अक्षरशः सांगतेय. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणे गेले. पाठोपाठ शेर जाऊन किलो आला. ती म्हणते की काही वर्षं मंडईत दोन्ही चालायचं: पाटीवर भाव किलोचा, तोंडी शेराचा, गिऱ्हाईक आणे मोजायचं, बाई पैसे सांगायची. रुपयाचे चौसष्ट पैसे जुने की शंभर नवे यावरून रोज हमरीतुमरी. आत्याच्या आईचा, म्हणजे माझ्या आजीचा, ठाम समज होता की किलो हा लोकांना लुटायचा डाव आहे. किलो शेरापेक्षा थोडा मोठा असतो हे सांगून पटायचं नाही. "मोठा आहे ना? मग जास्त पैसे घेणारच की."

आणि आजही आपण पावशेर मिरच्या मागतो, मिळतात अडीचशे ग्रॅम. कोतवालाचे शिक्के गेले, शेर गेला, शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडात तसाच.

घाऊक बाजाराचंही आत्याने सांगितलं. पहाटे गाड्या, हमाल, आडत्यांचा गलका, तो सगळा पसारा तिच्या तरुणपणी मंडईतच होता. पुढे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. "मंडईची झोप तेव्हापासून वाढली," म्हणाली. म्हणजे १९६० चं शीट आणि आजचं यांच्यात मोठा फरक पहाटे चारचा आहे. चोवीस तासांचा नकाशा मला कधी जमणार?

निघताना: "तू काढतेयस ते दाखव तरी." फोनवर फोटो दाखवला. बघितला, चष्मा काढला, पुन्हा बघितला. "यात माणसं कुठायत?"

"काळं आहे ना, ती माणसांची जागा."

"जागा आहे. माणसं कुठायत?"

१७ ऑगस्ट

शाईची बाटली १८८६ वर. चांदणीचे तीन हात गेले. आज काही लिहावंसं वाटत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

१८८६ पुन्हा. दुसऱ्यांदा काढताना हात लवकर चालतो आणि मन मोकळं राहतं. आत्याचं बोलणं डोक्यात.

या वेळी शाई भरायच्या आधी विचार केला की नक्की काय भरतेय. छपराखालची जागा मी कोरी ठेवते, कारण ती इमारत. पण मंडईच्या छपराखाली तर सगळ्यात जास्त माणसं असतात. तिथे कोणीही शिरू शकतं, दार नाही, तिकीट नाही. माझ्या स्वतःच्या व्याख्येप्रमाणे ("काही न विचारता उभा राहू शकतो") ते काळंच हवं. टोपली टेकवू शकतो का? नाही, तिथे गाळा लागतो, भाडं लागतं. म्हणजे माझ्या व्याख्येत दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या होत्या: उभं राहणं आणि विकायला बसणं. गिऱ्हाइकाची मोकळी जागा एक, विकणाराची मोकळी जागा दुसरी.

वाड्यासमोर या दोन जवळजवळ एक होत्या. मंडई बांधली तेव्हा त्या अलग झाल्या. १८८६ चा खरा बदल मनोरा नाहीच, हा आहे.

६ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी

सकाळी लवकर मंडईत. विसर्जनाची मुख्य मिरवणूक निघते ती टिळक पुतळ्यापासून, पुढे लक्ष्मी रस्त्याला लागते. मानाचा पहिला कसबा गणपती. ढोल सुरू झाल्यावर फूटपट्टी, वही, सगळं पिशवीत ठेवलं. काही मोजणं शक्य नव्हतं.

एक मात्र बघितलं. आज घेर रिकामा केलेला होता, टोपल्या नाहीत, हातगाड्या नाहीत. काळा रंग अगदी माझ्या शिटासारखा स्वच्छ. त्या दिवशी तो चौक "चौक" दिसतो, आणि त्या दिवशी तो बाजार नसतो.

मंडईतल्या कट्ट्याला लोक मंडई विद्यापीठ म्हणतात. राजकारणाचा निकाल तिथे मतमोजणीच्या आधी लागतो. आज त्या विद्यापीठातले दोन ज्येष्ठ प्राध्यापक माझ्या शेजारी उभे होते. एक म्हणाला, मिरवणूक पूर्वीसारखी राहिली नाही. दुसरा म्हणाला, हे तू १९८५ मध्येही म्हणाला होतास.

१ ऑक्टोबर, बुधवार, दसऱ्याची पूर्वसंध्या

झेंडू. रस्ताभर नुसता झेंडू. आपट्याची पानं, शेवंती, तोरणं. आज मोजणी केली, आकड्यांची नव्हे, रेषेची: छप्पर कुठे संपतं आणि विक्री कुठे संपते. हातांमधल्या पाचरी भरलेल्या. घेर भरलेला. मेट्रोच्या जिन्याच्या तोंडाशी तीन बायका झेंडूचे ढीग लावून बसलेल्या.

एकीला विचारलं, "मावशी, आत गाळा नाही का मिळत?"

"आत कोण येतंय ताई? गिऱ्हाईक इथून वर येतंय. उद्या दुसरीकडनं यायला लागलं की तिकडं बसू." बोलता बोलता माळ ओवणं चालूच. "घेताय का नाही? का नुसतं विचारताय?"

अर्धा किलो घेतला.

वाड्याच्या दरवाज्यासमोर बाजार का बसला होता याचं उत्तर तिने दिलं. दरवाज्यातून माणसं बाहेर येत होती म्हणून. गिऱ्हाईक ज्या तोंडातून येतं त्या तोंडाशी बाजार. खासगीवाल्यांच्या जागेवर पालिकेने छप्पर बांधलं, बाजार आत गेला, आणि तेव्हापासून तो रोज थोडा थोडा बाहेर येतो आहे. अतिक्रमण हटवणारी गाडी येते, टोपल्या उचलतात, गाडी गेली की टोपल्या परत. मी स्वतः ऑफिसात याच गोष्टीला "हॉकर्स क्लिअर करून एन्ट्री दाखवा" म्हणून नकाशे काढून दिलेले आहेत. एकदा नाही, खूपदा.

१२ ऑक्टोबर, रविवार

शेवटच्या शिटासकट पाचही शिटं नव्याने. नियम बदलला.

आमच्या कामात डोक्यावरून जाणारी वस्तू, छज्जा, वरचा मजला, तुटक रेषेने काढतात, कारण ती जमिनीला टेकलेली नसते. तसं मंडईचं सगळं छप्पर तुटक केलं, आठही हात. मनोरा तेवढा सलग, तो जमिनीवर उभा आहे. शनिवारवाड्याचा तट सलग. काळा डाग काढून टाकला. त्याऐवजी विकायला बसलेलं माणूस म्हणजे एक टिंब, शून्य पूर्णांक दोनच्या पेनने. पहिल्या शिटासाठी जी टिंबं टाकून रद्दी केली होती तीच, फक्त योग्य जागी.

फुल्यांसाठी प्रत्येक शिटाच्या कडेला एक पट्टी वाढवली, माल येण्याच्या रस्त्यांची. १७९० ते १९६० पर्यंत ती थेट चौकात शिरते. शेवटच्या शिटावर गुलटेकडीकडे वळून मग छोट्या टेंपोंनी परत येते.

पाच बटर पेपर एकावर एक ठेवून खिडकीवर चिकटवले. वाड्यासमोरची टिंबं एकीकडे, मंडईची दुसरीकडे, कारण मी कागद हलवला होता. पण आकार बघितला तर पहिल्या आणि शेवटच्या शिटावरचा पुंजका जवळजवळ सारखा. तोंडाशी दाट, कडेला विरळ, मधून चालायला एक वाट. मधल्या तीन शिटांवर टिंबं रांगेत आहेत.

उद्या आत्याकडे न्यायचे. २०२५ च्या शिटावर मेट्रोच्या जिन्यापाशी तीन टिंबं आहेत, ती कोणती ते तिला सांगायचंय. १९६० वर आजीसाठी एक टाकायचं होतं, पण ती विकणारी नव्हती, आणि गिऱ्हाइकासाठी मी अजून खूण ठरवलेली नाही.